एका कार्बनचे अंतर

घरातील ज्येष्ठांच्या औषधांच्या डब्यात पायोग्लिटाझोन किंवा डापाग्लिफ्लोझिन ही नावे पुष्कळदा आढळतात. दोन्ही मधुमेहावरची औषधे. कार्य मात्र निराळे. पहिल्याने शरीर इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागते, दुसरे जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकते. दोहोंवरून झालेल्या न्यायालयीन वादांत एक प्रश्न समान होता : आधीच ज्ञात असलेल्या रेणूत किंचित फेरफार करून घडवलेला रेणू नवा शोध मानावा काय? मानला, तर वीस वर्षांचे पेटंट. तोवर इतरांना ते औषध परवानगीवाचून बनवता येत नाही, आणि दरमहाचे बिल चढेच राहते.

कायद्याची कसोटी अशी, की त्या विद्येत निष्णात असलेल्या व्यक्तीला त्या काळच्या ज्ञानावरून हा फेरफार सहज सुचला असता काय? यातील ‘त्या काळच्या’ हे शब्द मोलाचे आहेत. उत्तर कळल्यावर कोणतेही कोडे सोपेच भासते.

पायोग्लिटाझोन हे जपानच्या ताकेदा कंपनीचे औषध. त्याच्याशी विलक्षण साम्य असलेला एक रेणू पूर्वीच प्रसिद्ध झाला होता. त्यात एका कड्याच्या सहाव्या स्थानी मिथिल, म्हणजे एका कार्बनचा गट होता. पायोग्लिटाझोनमध्ये पाचव्या स्थानी इथिल, म्हणजे दोन कार्बनांचा. असे बदल करून पाहणे रसायनशास्त्रज्ञांचा नित्याचाच उद्योग, असे अल्फाफार्म या प्रतिस्पर्धी कंपनीचे म्हणणे. अमेरिकेच्या फेडरल अपील न्यायालयाने २००७ साली त्याही आधीचा प्रश्न विचारला : सुधारणेसाठी मुळात हाच रेणू कोणी का निवडला असता? त्याने वजन व चरबी वाढते, अशी नोंद तर प्रसिद्ध झालेली होती! मधुमेहाच्या औषधासाठी असा आरंभबिंदू कोण घेईल? निकाल ताकेदाच्या बाजूने लागला.

डापाग्लिफ्लोझिनचा वाद आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयात चालला. ॲस्ट्राझेनेकाकडे दोन पेटंटे होती : रेणूंच्या एका विस्तृत कुळाचे, जे ऑक्टोबर २०२० मध्ये संपले, आणि खास या औषधाचे, जे २०२३ पर्यंत चालणार होते. पहिल्या पेटंटातील एका उदाहरणात मिथॉक्सी गट आहे, त्याजागी इथॉक्सी बसवला एवढेच, असा प्रतिपक्षाचा युक्तिवाद होता. पुन्हा एकाच कार्बनचा प्रश्न. परंतु कंपनीला अधिक भोवली ती तिची स्वतःचीच भूमिका. एकाच औषधासाठी तिने दोन्ही पेटंटांचा भंग झाल्याचा दावा केला होता. मग एका शोधाला दोन पेटंटे कशी, असे न्यायालयाने विचारले. अंतरिम मनाई नाकारली गेली आणि २०२१ मध्ये खंडपीठानेही तेच कायम केले. भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात राहिल्या. माझ्या मते निर्णय योग्यच होता, जरी तो अंतिम नव्हे, प्रथमदर्शनी होता.

पेटंटाचा निकाल औषधाच्या सुरक्षिततेबद्दल काहीच सांगत नाही. पायोग्लिटाझोनची विक्री भारत सरकारने २०१३ मध्ये स्थगित केली आणि काही आठवड्यांतच सावधगिरीच्या इशाऱ्यासह पुन्हा खुली केली. मूत्राशयाच्या कर्करोगाचा पूर्वेतिहास असल्यास डॉक्टरांना तो अवश्य सांगावा.

औषधविक्रेत्याने निराळ्या कंपनीची पट्टी दिली, तर तिच्यावरील मूळ औषधाचे नाव व मिलिग्रॅम चिठ्ठीशी ताडून पाहावे. दोन्ही जुळत असल्यास औषध तेच. मात्र डापाग्लिफ्लोझिनऐवजी एम्पाग्लिफ्लोझिन हाती आले, तर तो केवळ कंपनीचा फरक नव्हे, रेणूच वेगळा आहे. डॉक्टरांना विचारल्याखेरीज ती पट्टी घेऊ नये.