डबल बेसचा गज
डबल बेस या मंद्र स्वरांच्या तंतुवाद्यासाठी दोन प्रकारचे गज रूढ आहेत. फ्रेंच गज चेलोच्या गजाप्रमाणे वरून धरतात. जर्मन गजाचा मुठीकडील ठोकळा अधिक उंच असून त्याची पकड खालून असते. दोमेनीको द्रागोनेत्ती (१७६३–१८४६) हा गज खालून धरी, तर जोव्हान्नी बोत्तेसीनी (१८२१–८९) वरून. दोघेही श्रेष्ठ वादक होते. त्यामुळे कोणताही एक प्रकार सरस ठरत नाही. नवशिक्याने शक्यतो आपल्या शिक्षकाच्या पद्धतीचाच गज घ्यावा. कारण पकडीतील दोष त्यालाच अचूक ओळखता येतात. अंगठा वा मनगट वारंवार दुखू लागल्यास प्रथम पकड तपासावी. तरीही त्रास राहिल्यास दुसरा प्रकार लवकर अजमावावा. सवय दृढ झाल्यावर गज बदलल्यास उजव्या हाताला बरेचसे शिक्षण नव्याने द्यावे लागते.