घर घेताना मालकीहक्काचा विमा घ्यावा काय?

‘घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. तयार घर विकत घेणाऱ्याची कसोटी मात्र निराळी असते. भिंती, छप्पर, विहीर ही डोळ्यांना दिसतात. विकणाऱ्याचा हक्क दिसत नाही. आमच्या घरी पांढरकवड्यात एक जुने घर घेण्याचा विचार चालू आहे. तेव्हा एका नातलगाने ‘टायटल इन्शुरन्स’, म्हणजे मालकीहक्काचा विमा, सुचविला. त्या निमित्ताने मी जे वाचले व विचारले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

खरेदीखत नोंदविले की मालकी पक्की झाली, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदणी होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. विकणारा खरोखर मालक आहे काय, याचा निवाडा दुय्यम निबंधक करीत नाहीत. फेरफाराच्या नोंदीनेही मालकी निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ पासून सरकारी नोंदवहीच मालकीची हमी देते. आपल्याकडे तशी हमी नाही. जोखीम घेणाऱ्याच्याच शिरावर असते.

हीच अडचण अमेरिकेतही होती. पेनसिल्व्हेनियात १८६८ साली एका खटल्यात घेणाऱ्याचे नुकसान होऊनही सल्ला देणारा जबाबदार ठरला नाही. पुढे १८७६ मध्ये फिलाडेल्फियात हा विमा करणारी पहिली कंपनी निघाली. इतर विमे उद्याच्या संकटासाठी असतात. हा विमा कालच्या दोषासाठी असतो. बनावट सही, तोतया विक्रेता, लपविलेला वारस असे दोष नंतर उघडकीस आले, तर कंपनी खटल्याचा खर्च व ठरलेल्या रकमेपर्यंत भरपाई देते. घेणाऱ्याला आधीच ठाऊक असलेला दोष मात्र त्यात साधारणपणे धरला जात नाही.

भारतात स्थावर संपदा कायदा, २०१६ याच्या कलम १६ मध्ये या विम्याची तरतूद आहे. परंतु ती प्रकल्पाच्या प्रवर्तकासाठी, आणि तीही राज्य सरकारने अधिसूचना काढली तरच. हा विमा आजवर मुख्यतः मोठ्या बांधकाम व्यावसायिकांनीच घेतला आहे. गावातले जुने घर एका कुटुंबाकडून दुसऱ्या कुटुंबाकडे जाते, तेव्हा कलम १६ चा आधार मिळत नाही.

आता आपल्या गावाचा प्रश्न. पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे ठिकाण. भोवताली गोंड आणि कोलाम यांची वस्ती. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकण्यास शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. शिवाय १९७४ च्याच दुसऱ्या एका कायद्याने, १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हातची गेलेली शेतजमीन काही अटींवर मूळ आदिवासी धारकाला परत देण्याची तरतूद केली.

वकील साधारणतः तीस वर्षांचा शोध घेतात. पण आज तीस वर्षे मागे गेलो, तर आपण १९९० च्या दशकातच थांबतो! आज ज्या जागेवर घर उभे आहे तेथे पूर्वी शेत असेल, तर ते कोणाचे होते हे त्या शोधात दिसणारच नाही. म्हणून येथे १९५७ च्याही मागे जावे. विदर्भात १९५४-५५ चा अधिकार अभिलेख त्यासाठी पाहतात. त्यानंतर जुने फेरफार, अकृषिक परवानगीचा आदेश, आखीव पत्रिका असल्यास ती, सूची क्रमांक दोनचे उतारे आणि बँकेचा बोजा पाहावा. वडिलोपार्जित घर असेल तर बहिणींच्या सह्या आहेत काय, हेही पाहावे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. वर्तमानपत्रात जाहीर सूचना देऊन हरकती मागविणेही शहाणपणाचे.

इतके केल्यावरही बनावट सहीसारखा दोष लपून राहू शकतो. तेवढ्यापुरता विमा मिळत असेल आणि हप्ता परवडत असेल, तर अटी नीट वाचून अवश्य घ्यावा. शोधाच्या ऐवजी मात्र घेऊ नये.

माझ्या मते यात पैशापलीकडचाही एक प्रश्न आहे. विमा आमचे पैसे परत करील. परंतु एखाद्या कोलामाची जमीन कायदा डावलून घेतली गेली असेल, तर विम्याच्या धनादेशाने त्याला काय मिळणार? कलम ३६-अ त्याच्यासाठी आहे, विमापत्र आमच्यासाठी. म्हणून विम्याचा विचार मागाहून करावा आणि जुनी कागदपत्रे आधी वाचावीत, असे मी घरी सुचविले आहे. त्यांत दोष दिसला, तर ते घर कितीही स्वस्त असो, ते आपण घेऊ नये.