गुण भाजीचा की पाण्याचा?

गरोदरपणात पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर पोटात गेलेल्या बायकांची बाळं जन्मताना वजनाला जास्त भरली. हा निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो आला होता पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांमधून. १९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या गरोदर बायकांच्या बारीकसारीक नोंदी ठेवल्या. ताटात काय आणि किती, दिवसभर काम कोणतं, रक्तात काय कमी, आणि शेवटी बाळाचं वजन. आहाराच्या नोंदींचा अभ्यास आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी केला. या आयांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं, बाळांचं २.७ किलोच्या. एकूण उष्मांक आणि प्रथिनं किती खाल्ली, याचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध दिसला नाही. पालेभाज्या, फळं आणि दुधाचा मात्र दिसला.

अशी बातमी वाचली की सासूबाई सुनेच्या ताटात मेथी जास्त वाढतात. वाढावीच. पण संशोधनाचा अर्थ लावायचा तर इथं थांबून एक प्रश्न विचारावा लागतो. रोज पालेभाजी खाणारी बाई आणि न खाणारी बाई, या दोघींत फरक फक्त भाजीचाच असतो का?

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पाबळ-केंदूरच्या जिरायत पट्ट्यात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची मारामार असते, तिथं परसात कोथिंबीर कुठून येणार? दौंडला भीमेकाठच्या बागायतीत उसाच्या कडेला मेथी-शेपूचा वाफा सहज निघतो. ज्या घराला पाणी, त्या घरी भाजी, दावणीला दुभतं जनावर, हातात चार पैसे, आणि सुनेच्या डोक्यावरची हंड्याची खेप चुकलेली. मग बाळ भरलं ते भाजीनं की पाण्यानं? त्याच सहा गावांच्या अभ्यासात, गरोदरपणात शेतातली आणि घरातली जड कामं उपसणाऱ्या बायकांची बाळं हलकी भरल्याचंही दिसलं होतं. संशोधक असे फरक गणितानं वजा करतात, पण जे मोजलं तेवढंच वजा करता येतं.

यावर वैद्यकशास्त्राकडे एक अतिशय प्रामाणिक उपाय आहे. कुणी काय खायचं हे घरच्या परिस्थितीवर न सोडता चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. डॉ. रमेश पोतदार आणि इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांच्या गटानं मुंबईच्या वस्त्यांत हेच केलं. ६,५१३ बायका, सगळ्या गरोदर राहण्याआधीच्या. निम्म्या जणींना रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ, उरलेल्या जणींना बटाटा, कांद्यासारख्या भाज्यांचा तसाच दिसणारा खाऊ. चिठ्ठीला श्रीमंत-गरीब कळत नाही. त्यामुळे दोन्ही गटांत पाणी असलेली, नसलेली, दमलेली, न दमलेली अशा सगळ्या बायका सारख्याच वाटल्या जातात.

२०१४ मध्ये उत्तर आलं. सरसकट पाहिलं तर बाळांच्या वजनात सरासरी २६ ग्रॅमचा फरक, म्हणजे योगायोगानंही पडू शकेल एवढाच. गरोदर राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ सुरू झालेल्या बायकांत फरक ४८ ग्रॅम. अगदी किडकिडीत आयांना फायदा दिसला नाही, अंगानं बऱ्या असलेल्यांना जास्त दिसला. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, त्यांनाच तो लागू पडला नाही, ही मला या संशोधनातली सर्वात बोचणारी गोष्ट वाटते. नुसत्या खाऊनं वर्षानुवर्षांची उपासमार भरून निघत नाही.

याच प्रयोगात गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण १२.४ वरून ७.३ टक्क्यांवर आलेलं दिसलं. आता ही बातमी दोन तऱ्हांनी लिहिता येते. ‘पालेभाजीनं मधुमेह ४० टक्क्यांनी घटला’, किंवा ‘शंभर गरोदर बायकांमागे पाच जणींचा मधुमेह टळला’. दोन्ही खरं. मथळा नेहमी पहिला असतो. घरी निर्णय घेताना दुसऱ्या वाक्याचा उपयोग जास्त, कारण त्यातून आपल्या वाट्याला किती येईल याचा अंदाज बांधता येतो.

हाच हिशोब वढूच्या एका कामाला लावून पाहा. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला केईएमचं ग्रामीण आरोग्य केंद्र आहे. डॉ. बानू कोयाजी यांनी इथं गावातल्या माणसांना हाताशी धरून आरोग्यसेवा उभी केली, आणि २००२ पासून शिरूर-हवेलीतल्या २२ गावांच्या जन्म, मृत्यू आणि स्थलांतराच्या नोंदी सलग ठेवल्या जात आहेत. रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या जुलाबांवरच्या भारतीय लसीची मोठी चाचणी दिल्ली आणि वेल्लोरबरोबर वढूलाही झाली. ६,७९९ तान्ही बाळं. काहींना लसीचे थेंब, काहींना तसेच दिसणारे बिनलसीचे थेंब. रोटाव्हायरसच्या गंभीर जुलाबांचं प्रमाण लसीमुळे निम्म्याहून थोडं जास्त घटलं. कशाच्या निम्म्यानं? लस नसलेल्या शंभर बाळांत वर्षाला साधारण तिघांना असे जुलाब झाले, लस मिळालेल्यांत दीड जणाला. आकडा लहान दिसतो, पण यातलं प्रत्येक बाळ गंभीर आजारी असतं, आणि देशात दरवर्षी दोन कोटींहून जास्त बाळं जन्मतात. २०१६ पासून ही लस सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्यानं आली ती याच हिशोबावर. जुलाब मात्र इतर जंतूंनीही होतात, म्हणून लस दिलेल्या घरातही ओआरएसची पुडी ठेवावीच लागते.

हरलेल्या संशोधनाची बातमी होत नाही, म्हणून एक मुद्दाम सांगतो. गोवराची लस सुईऐवजी श्वासातून देता आली तर किती बरं, या आशेनं जागतिक आरोग्य संघटनेनं पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत २००९ मध्ये चाचणी सुरू केली. नऊ ते बारा महिन्यांची २,००४ बाळं. तोंडावर मुखवटा धरायचा, लसीचं धुकं आत जाऊ द्यायचं. अट आधीच लिहून ठेवली होती की, ही लस सुईच्या लसीपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त मागे पडता कामा नये. सुईनं ९४.७ टक्के बाळांच्या रक्तात संरक्षण दिसलं, श्वासातून ८५.४ टक्के. ८५ टक्के हा आकडा सुटा वाचला तर चांगलाच वाटतो. पण गोवर एवढा झपाट्यानं पसरतो की शंभरातली ती जास्तीची नऊ-दहा असुरक्षित बाळं पुढच्या साथीला पुरेशी ठरतात.

आता ज्या बातमीनं घरात खरोखर नुकसान होऊ शकतं तिच्याकडे येऊ. याज्ञिकांच्या त्याच सहा गावांतली मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली गेली. ज्या आयांच्या रक्तात फॉलेट (गोळ्यांत ते फॉलिक ॲसिड म्हणून असतं) जास्त आणि बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, त्यांच्या मुलांचं शरीर इन्सुलिनला सर्वात कमी दाद देत होतं, म्हणजे पुढं मधुमेहाचा धोका. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. बी-१२ची कमतरता तर सुमारे दोन तृतीयांश आयांत होती. यातून ‘फॉलिक ॲसिडनं मुलांना मधुमेह’ असा मथळा काढणं सोपं आहे, आणि तो वाचून एखादी गरोदर बाई गावच्या आशा सेविकेनं दिलेल्या फॉलिकच्या गोळ्या फडताळात टाकून देईल.

तसं मुळीच करू नये. हा संबंध नोंदींतून दिसला आहे, भाजी आणि पाण्याच्या गुंत्यासारखाच. उलट फॉलिक ॲसिड बाळाच्या मज्जारज्जूचे जन्मजात दोष टाळतं, हे चिठ्ठ्या टाकून केलेल्या मोठ्या चाचणीत १९९१ मध्येच सिद्ध झालं. आधी असं बाळ झालेल्या आयांमध्ये दोष पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. दोन पुराव्यांचं वजन सारखं नाही.

बी-१२ची बाजूही मग चाचणीत उतरवली गेली. त्या सहा गावांतली मुलं वयात आल्यावर त्यांतल्या काहींना २०१२ पासून रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ देण्यात आलं. पुढं त्यांतल्या मुलींना झालेल्या बाळांची आकलन आणि भाषेची वाढ दोन वर्षांच्या सुमारास बी-१२ न मिळालेल्यांच्या बाळांपेक्षा बरी दिसली. मात्र तपासलेली बाळं मोजकीच होती, आणि बी-१२सोबत इतर पोषकद्रव्यंही मिळालेल्या गटात हा फायदा दिसला नाही. आशादायक आहे, पक्कं नाही.

तरीही घरात लग्नाची मुलगी असेल, मांस-अंडी खाण्यात नसेल आणि दूध डेअरीला जाऊन चहापुरतंच उरत असेल, तर बी-१२ तपासून घ्यायला मोठ्या चाचणीची वाट पाहायचं कारण नाही. तपासणी एका रक्ताच्या नमुन्यावर होते. कमी निघालं तर उपचार स्वस्त आहे, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या फॉलिकच्या गोळ्यांसोबतच तो घ्यायचा आहे, त्यांच्याऐवजी नाही.