उन्हाने रापलेल्या त्वचेची निगा

जमिनीचा पोत बिघडू नये म्हणून शेतकरी जपतो; परंतु स्वतःच्या त्वचेच्या पोताकडे त्याचे सहसा लक्ष जात नाही. वर्षानुवर्षे उन्हात राबलेल्या शेतकऱ्याची मान पाहावी. मागील बाजूची कातडी जाड होऊन तिच्यावर शंकरपाळ्याच्या आकाराच्या खोल रेघा पडलेल्या दिसतात. सदऱ्याखालील पाठीची त्वचा मात्र त्याच वयाची असूनही मऊ असते. यावरून हा दोष केवळ वयाचा नसून उन्हाचा आहे, हे स्पष्ट होते.

सूर्यप्रकाशातील काही अतिनील किरणांनी वरची त्वचा भाजते. काही किरण खोलवर जाऊन त्वचेला घट्टपणा देणारे तंतू तोडतात. सावळ्या वर्णाने बरेच संरक्षण मिळते. तथापि ते पुरेसे नाही.

झालेली हानी काही अंशी भरून येते. वरच्या थरातील पेशी सुमारे चार आठवड्यांत नव्या होतात. खोलवरचे तंतू मात्र फार सावकाश सुधारतात. म्हणून पुढील हानी थांबविणे हाच पहिला उपाय होय. ऑस्ट्रेलियात १९९२ ते १९९६ या काळात झालेल्या प्रयोगात, रोज ऊनरोधक मलम लावणाऱ्या प्रौढांच्या त्वचेवर साडेचार वर्षांत वार्धक्याच्या खुणा वाढलेल्या आढळल्या नाहीत.

शेतकरी बंधुभगिनींनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. निंदणी, खुरपणी शक्यतो सकाळी १० पूर्वी व दुपारी ४ नंतर करावी.

२. लांब बाह्यांचा, दाट विणीचा सदरा घालावा. उपरणे किंवा पदर मानेवरून घ्यावा. नुसत्या टोपीने मान झाकली जात नाही.

३. उघड्या भागास किमान ३० अंकाचे ऊनरोधक मलम लावावे व दर दोन तासांनी पुन्हा लावावे.

४. स्नानानंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल चोळावे.

‘ट्रेटिनॉइन’ मलमाने बारीक सुरकुत्या कमी होतात. परंतु ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, रात्री लावावे. गर्भवती स्त्रियांनी ते वापरू नये.

बाजारातील गोरेपणाच्या मलमांपासून विशेष सावध राहावे. त्यांपैकी काहींत स्टेरॉइड असते. प्रारंभी चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ व लाल होते आणि मलम सोडताच आग होऊ लागते. चेहरा व पापण्यांना सतत खाज येत असल्यास केवळ उन्हास दोष न देता बांधावरील गाजर गवताचाही संशय घ्यावा.

ओठावरील किंवा चेहऱ्यावरील व्रण महिनाभरात भरला नाही, अथवा एखादा डाग वाढू लागला, तर तो कर्करोगाचा आरंभ असू शकतो. अशा व्यक्तीस ग्रामसेवकांनी विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.