लघु कार्यालयीन नेटवर्कमधील स्वयंचलित पत्तावाटप : बिघाडांचे निदान व व्यवस्थापन
(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालयीन कार्यालयांच्या विशेष संदर्भात)

बीजसंज्ञा : आयपी पत्ता, डीएचसीपी, राउटर, पत्त्याची मुदत, निदान, कार्यालयीन नोंदवही

१. प्रस्तावना :

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे झाली. २०१८ साली या विद्यापीठास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. विद्यापीठ स्थापन झाले त्या काळात महाविद्यालयीन कार्यालयाचा कारभार टंकलेखन यंत्र, जावक नोंदवही व टपाल यांवर चालत असे. १९९५ साली भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू झाली. २००९ साली केंद्र शासनाच्या राष्ट्रीय शिक्षण अभियानातून माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाच्या आधारे महाविद्यालयांना इंटरनेट जोडण्या देण्याचे कार्य हाती घेण्यात आले. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वितरण खानदेशातीलच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी झाले. शासकीय सेवा व नेटवर्क यांचे नाते पुढील काळात किती घट्ट होणार आहे, याची ही एक प्रकारे नांदीच होती.

आज शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर महाविद्यालयाच्या कार्यालयातून पडताळून पुढे पाठवावे लागतात. कर्मचाऱ्यांची वेतनदेयके सेवार्थ प्रणालीतून जातात. राज्यातील अनेक विद्यापीठांत परीक्षेच्या दिवशी प्रश्नपत्रिका ऑनलाइन पाठवण्याची पद्धत रूढ झाली आहे. या तिन्ही कामांना ठरलेली वेळ असते. अंतिम दिनांकाच्या दिवशी कार्यालयातील संगणक नेटवर्कला जोडला गेला नाही, तर त्याची झळ यंत्राला नव्हे, तर विद्यार्थ्याला बसते.

अशा वेळी 'नेट बंद आहे' असा निष्कर्ष काढून सेवा पुरवठादाराकडे तक्रार नोंदवली जाते व जळगाव किंवा धुळे शहरातून तंत्रज्ञ येण्याची वाट पाहिली जाते. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल यांसारख्या तालुक्यांच्या ठिकाणी ही प्रतीक्षा अर्ध्या दिवसाची ठरू शकते. वस्तुतः पुष्कळदा बाहेरून येणारी जोडणी सुरू असते. बिघाड असतो तो कार्यालयातील संगणकांना पत्ते वाटण्याच्या व्यवस्थेत. हा बिघाड ओळखण्यास अभियांत्रिकी पदवीची आवश्यकता नाही. पत्ता मिळाला का, तो कोणी दिला आणि तो दुसऱ्या कोणाकडे तर नाही ना, हे तीन प्रश्न क्रमाने विचारता आले तरी बहुतांश निदान होते. प्रस्तुत लेखात या प्रश्नांच्या आधारे स्वयंचलित पत्तावाटपातील बिघाडांचे विवेचन केले आहे.

२. लेखाची उद्दिष्टे :

१) स्वयंचलित पत्तावाटपाची संकल्पना स्पष्ट करणे.
२) लहान कार्यालयात आढळणाऱ्या बिघाडांची लक्षणे व कारणे यांचा संबंध दाखवणे.
३) निदानाचा क्रम व प्रतिबंधात्मक उपाय सुचवणे.

३. स्वयंचलित पत्तावाटपाची संकल्पना :

नेटवर्कमधील प्रत्येक संगणकास, मुद्रकास व भ्रमणध्वनीस एक स्वतंत्र आयपी पत्ता असावा लागतो. प्रचलित चौथ्या आवृत्तीतील पत्ता चार अंकगटांचा असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२५. कार्यालयाच्या आत वापरावयाचे खासगी पत्ते १९९६ सालच्या मानकाने राखून ठेवलेले आहेत व १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच होत. पहिले तीन अंकगट समान असलेल्या लहान नेटवर्कमध्ये वापरण्याजोगे २५४ पत्ते उपलब्ध असतात.

हे पत्ते प्रत्येक यंत्रात हाताने भरता येतात. परंतु यंत्रांची संख्या वाढली की चुका होतात. यावर उपाय म्हणून 'डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल' अर्थात डीएचसीपी ही पद्धत १९९३ साली मांडण्यात आली. तिचे आज प्रचलित असलेले मूळ मानक १९९७ सालचे आहे. लहान कार्यालयात पत्ते वाटण्याचे हे काम सामान्यतः राउटर करतो.

या पद्धतीत चार टप्पे असतात. नव्याने सुरू झालेला संगणक 'पत्ता देणारे कोणी आहे का?' अशी हाक संपूर्ण नेटवर्कला देतो. राउटर एका पत्त्याचा देकार देतो. संगणक त्या पत्त्याची मागणी करतो आणि राउटर मान्यता देतो. मान्यतेबरोबरच बाहेर जाण्याचा मार्ग, म्हणजे गेटवे, आणि संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा क्रमांक सांगणाऱ्या डीएनएस सेवेचा पत्ताही मिळतो. हा पत्ता कायमचा नसून ठराविक मुदतीचा असतो. मुदतीचा निम्मा काळ उलटल्यावर संगणक नूतनीकरणाची विनंती करतो.

खानदेशातील वाचकांना ही व्यवस्था पांझरा नदीवरील फड सिंचन पद्धतीच्या आधारे चटकन समजू शकेल. फडात बंधाऱ्याचे पाणी कालव्यातून येते व पाटकरी ते पाळीने प्रत्येकाच्या शेताला देतो. पाणी सामाईक, पाळी मुदतीची आणि देणारा एक, या तीन गोष्टींवर ती व्यवस्था उभी आहे. पाटकरी हजर नसेल, दोघे जण पाणी सोडू लागले किंवा पाळीपेक्षा शेते अधिक झाली, तर घोटाळा होतो. पत्तावाटपातील मुख्य बिघाडही याच तीन प्रकारचे असतात.

४. बिघाडांचे प्रकार, लक्षणे व कारणे :

४.१ पत्ता देणारा न भेटणे :
संगणकाच्या हाकेला उत्तर मिळाले नाही, तर विंडोज प्रणाली स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता धारण करते. या पत्त्यावरून इंटरनेटवर जाता येत नाही. म्हणूनच १६९.२५४ हे अंक दिसणे म्हणजे 'पत्ता देणारा भेटला नाही' अशी संगणकाने दिलेली कबुलीच होय.

असा पत्ता एकाच संगणकावर दिसत असेल, तर दोष त्या संगणकाची केबल, स्विचवरील त्याची जागा किंवा त्याचे नेटवर्क कार्ड यांत असण्याची शक्यता अधिक असते. उंदरांनी कुरतडलेली केबल व पावसाळ्याच्या तोंडावर विजेच्या झटक्याने निकामी झालेली स्विचवरील जागा ही याची नेहमीची उदाहरणे होत. सर्वच संगणकांवर असा पत्ता दिसत असेल, तर राउटर, मुख्य स्विच किंवा त्यांना जोडणारी केबल तपासावी. एकाच केबलची दोन्ही टोके चुकून एकाच स्विचमध्ये खोचली गेली, तर साध्या स्विचमध्ये संदेश गोल फिरत राहतात व संपूर्ण नेटवर्क ठप्प होते. स्विचवरील सर्व दिवे एकाच वेळी अखंड वेगाने लुकलुकणे हे त्याचे लक्षण आहे.

वीजपुरवठ्याचा प्रश्न येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. वीज परत आल्यावर संगणक व राउटर एकदमच सुरू होतात. परंतु राउटर पूर्णपणे सज्ज होण्यापूर्वीच संगणक हाक देऊन मोकळा होतो व १६९.२५४ चा पत्ता घेऊन बसतो. विंडोज प्रणाली साधारण ५ मिनिटांच्या अंतराने पुन्हा विचारणा करते. त्यामुळे हा दोष कित्येकदा आपोआप नाहीसा होतो व त्याचे कारण मात्र अज्ञातच राहते.

४.२ पत्ता देणारे दोन असणे :
ग्रंथालयात किंवा कर्मचारी कक्षात वायफाय पोहोचावे म्हणून एखादा जुना राउटर मूळ नेटवर्कला जोडला जातो. त्यातील पत्तावाटप बंद करण्याचे राहून गेले की नेटवर्कमध्ये पत्ते देणारे दोघे होतात. संगणक बहुधा प्रथम येणारा देकार स्वीकारतो. त्यामुळे काही संगणकांना १९२.१६८.१ या मालिकेतील, तर काहींना १९२.१६८.० या मालिकेतील पत्ते मिळतात. काल चालणारा संगणक आज चालत नाही, पुन्हा सुरू केल्यावर चालतो, मुद्रक एका टेबलावरून सापडतो तर दुसऱ्यावरून नाही, अशी विस्कळीत लक्षणे दिसतात. लक्षणांतील ही अनियमितता हीच या दोषाची ओळख होय. हेतुपुरस्सर जोडलेल्या अशा यंत्राद्वारे वापरकर्त्यांना खोट्या संकेतस्थळांकडे वळवता येणे शक्य असल्याने हा प्रश्न सुरक्षिततेचाही आहे.

४.३ पत्ते संपणे किंवा एकच पत्ता दोघांकडे जाणे :
समजा, राउटरमध्ये १०० ते १४९ असे ५० पत्ते वाटपासाठी ठेवले आहेत व मुदत २४ तासांची आहे. कार्यालयातील १२ संगणकांना पत्ते दिल्यावर ३८ उरतात. प्रवेशाच्या दिवसांत प्राध्यापक, कर्मचारी व विद्यार्थी यांचे भ्रमणध्वनी त्याच वायफायला जोडले गेले, तर हे पत्ते दुपारपर्यंत संपतात. पंधरा मिनिटांसाठी आलेल्या भ्रमणध्वनीच्या नावावर तो पत्ता दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून राहू शकतो. अलीकडील भ्रमणध्वनी गोपनीयतेसाठी आपली यंत्र-ओळख बदलून सांगतात. अशी ओळख पुन्हा बदलली की एकाच भ्रमणध्वनीमागे दुसरा पत्ता खर्ची पडतो. अशा वेळी आधीपासून सुरू असलेले संगणक व्यवस्थित चालतात व उशिरा सुरू केलेला संगणकच अडतो. परिणामी दोष त्या संगणकाच्या माथी मारला जातो.

याउलट, मुद्रकास किंवा हजेरी यंत्रास हाताने दिलेला पत्ता वाटपाच्या मालिकेतच असेल, तर ते यंत्र बंद असताना राउटर तोच पत्ता दुसऱ्या संगणकास देऊ शकतो. यंत्र सुरू होताच एकाच पत्त्याचे दोन धनी होतात व दोघांचेही काम खुंटते.

४.४ जुने हाताने भरलेले पत्ते :
सेवा पुरवठादार बदलला की राउटर बदलतो व त्याबरोबर पत्त्यांची मालिकाही बदलू शकते. पूर्वी एखाद्या संगणकात हाताने भरलेला पत्ता तसाच राहिला असेल, तर तो संगणक जुन्याच गेटवेकडे मार्ग विचारत राहतो. इतर सर्व संगणक सुरू व लेखा विभागाचा एकच बंद, असे चित्र दिसल्यास ही शक्यता प्रथम तपासावी.

५. निदानाचा क्रम :

विंडोज संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा 'ऑल' या पर्यायासह दिली असता आवश्यक ती सर्व माहिती एकाच पडद्यावर मिळते. त्यानंतर पुढील क्रम ठेवावा.

१) दोष एकाच संगणकावर आहे की सर्वांवर, हे शेजारच्या दोन संगणकांवर पाहून ठरवावे.
२) केबल जोडलेल्या जागेवरील दिवा लागतो का, हे पाहावे. दिवा नसल्यास केबल व स्विचवरील जागा बदलून पाहावी.
३) 'डीएचसीपी एनेबल्ड' या ओळीपुढे नकार असल्यास पत्ता हाताने भरलेला आहे, असे समजावे.
४) पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असल्यास राउटर सुरू आहे का ते पाहून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा आधी 'रिलीज' व नंतर 'रिन्यू' या पर्यायासह द्यावी.
५) पत्ता योग्य वाटत असल्यास 'डीएचसीपी सर्व्हर' या ओळीतील क्रमांक आपल्या राउटरचाच आहे का, हे पडताळावे. क्रमांक निराळा असल्यास नेटवर्कमध्ये दुसरा वाटप करणारा आहे.
६) राउटरच्या व्यवस्थापन पानावर वाटलेल्या पत्त्यांची यादी पाहावी. मालिका भरली आहे का, हे तेथे कळते.
७) गेटवेच्या क्रमांकास 'पिंग' करावे. उत्तर येत असेल, परंतु संकेतस्थळे नावाने उघडत नसतील, तर डीएनएस तपासावे.
८) वरील सर्व ठीक असेल, तरच दोष बाहेरील जोडणीत आहे असे मानून सेवा पुरवठादाराकडे तक्रार करावी.

हा क्रम महत्त्वाचा आहे. सर्व यंत्रे एकदम बंद करून पुन्हा सुरू केल्यास काम तात्पुरते चालू होते. परंतु कारणाचा पुरावा पुसला जातो व तोच दोष पुन्हा उद्भवतो. म्हणून वेळ असल्यास यंत्रे बंद करण्यापूर्वी पडद्यावरील माहिती टिपून ठेवावी.

६. प्रतिबंधात्मक उपाय :

पहिला उपाय म्हणजे पत्त्यांची विभागणी. उदाहरणार्थ, २ ते ५० हे पत्ते मुद्रक, हजेरी यंत्र यांसारख्या स्थिर यंत्रांसाठी राखावेत व १०० ते २०० हे स्वयंचलित वाटपासाठी ठेवावेत. दुसरा उपाय म्हणजे भ्रमणध्वनींसाठी पाहुण्यांचे वेगळे वायफाय ठेवून त्याची मुदत १ ते २ तास करणे. हे वायफाय स्वतंत्र मालिकेतून पत्ते देणारे असावे. अन्यथा केवळ नाव वेगळे राहील व पत्ते त्याच साठ्यातून जातील. तिसरा उपाय म्हणजे जादा राउटर जोडण्यापूर्वी त्यातील पत्तावाटप बंद करणे व त्यास मूळ मालिकेतील वेगळा स्थिर पत्ता देणे. चौथा उपाय म्हणजे राउटर व स्विच यांना यूपीएसवर ठेवणे. या यंत्रांना फारच थोडी वीज लागते. तशी सोय नसल्यास वीज आल्यावर प्रथम राउटर व स्विच आणि दोन-तीन मिनिटांनी संगणक सुरू करण्याचा दंडक पाळावा.

पाचवा उपाय तांत्रिक नसून प्रशासकीय आहे. प्रत्येक कार्यालयात नेटवर्कची एक नोंदवही असावी. तीत राउटरचा पत्ता, वाटपाची मालिका व मुदत, स्थिर पत्ते दिलेल्या यंत्रांची यादी, कोणती केबल कोणत्या टेबलाकडे जाते याचा आराखडा आणि प्रत्येक बदलाचा दिनांक यांची नोंद व्हावी. राउटरचा परवलीचा शब्द बंद पाकिटात प्राचार्यांच्या ताब्यात असावा. जडवस्तूंची नोंद ठेवण्याची परंपरा महाविद्यालयांत जुनी आहे. परंतु संगणकाची किंमत व खरेदीचा दिनांक नोंदवला जातो आणि त्याचा पत्ता मात्र केवळ तंत्रज्ञाच्या स्मरणात राहतो. तंत्रज्ञ बदलला की ही माहितीही त्याच्याबरोबर निघून जाते.

७. समारोप :

स्वयंचलित पत्तावाटपामुळे नेटवर्क चालवणे सुलभ झाले, तशी ती व्यवस्था दृष्टीआडही झाली. तिच्यात बिघाड होतो तेव्हा तो इंटरनेटचा, संगणकाचा किंवा कर्मचाऱ्याच्या अज्ञानाचा दोष मानला जातो. वर पाहिल्याप्रमाणे देणारा एक असणे, मुदत योग्य असणे व मालिका पुरेशी असणे या तीन अटी पाळल्या गेल्या, तर लहान कार्यालयातील पत्तावाटपाचे बहुतांश बिघाड टळतात व उरलेले काही मिनिटांत ओळखता येतात. त्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. कार्यालयातील किमान दोन व्यक्तींना निदानाचा क्रम माहीत असणे व नोंदवही अद्ययावत असणे पुरेसे आहे. प्राध्यापक वर्गाने, विशेषतः संगणकशास्त्र विभागाने, वर्षाच्या आरंभी कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी एका दुपारचे प्रात्यक्षिक घेतल्यास हे ज्ञान संस्थेतच टिकून राहील. शिष्यवृत्तीच्या अंतिम दिवशी किंवा परीक्षेच्या सकाळी त्याचे मोल सर्वांच्याच लक्षात येईल.