फ्रेड ‘सायक्लोन’ टेलर (मृत्यू १९७९)

ऑन्टॅरिओ प्रांतातल्या टारा गावात जन्म. टोरँटोच्या एका संघाला नकार दिल्याने प्रांताच्या आइस हॉकी संघटनेने त्याचा खेळ बंद केला. तो मग मॅनिटोबात थोडा काळ खेळून अमेरिकेत, मिशिगनमधल्या तांब्याच्या खाणींच्या हॉटन गावी गेला. तिथे हॉकीपटूंना उघडपणे पगार मिळे. कॅनडातले हौशीपणाचे सोवळे तेव्हा पुरते सुटले नव्हते.

१९०७ मध्ये ओटावा संघाने त्याला परत आणले, सोबत इमिग्रेशन खात्यात सरकारी नोकरी. १९०९ मध्ये ओटावाने आइस हॉकीतला मानाचा स्टॅन्ली चषक जिंकला. पुढच्याच हंगामात लोणी-दुधासाठी ओळखल्या जाणाऱ्या चिमुकल्या रेनफ्रूने त्याला उचलले. मोबदला ५,२५० डॉलर, सामने जेमतेम डझनभर! पैसा खाणमालक ओब्रायन यांचा. चषक मात्र रेनफ्रूच्या नशिबी आला नाही.

१९१२ पासून तो व्हँकूव्हर मिलियनेअर्सकडे. तिथे तेव्हा एका बाजूने सात जण खेळत. सातवा ‘रोव्हर’ मैदानभर मोकळा फिरे. वाऱ्यासारख्या टेलरला ही जागा मानवली. १९१५ मध्ये व्हँकूव्हरने त्याच्या जुन्या ओटावालाच सलग तीन सामन्यांत लोळवून चषक पटकावला.

नोकरी सुटली नव्हतीच. १९१४ मध्ये ३७६ हिंदी प्रवाशांचे ‘कोमागाता मारू’ व्हँकूव्हरला अडवले गेले, तेव्हा जहाजावर गेलेल्या इमिग्रेशन अधिकाऱ्यांत टेलर होता. त्याच्या क्रीडाचरित्रात हे पान सहसा उलटून टाकले जाते. भारतीय वाचकाने ते वगळू नये.

१९४७ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये समावेश.