नदी गोठते कशी आणि फुटते कशी



वैशाखाच्या उन्हात बर्फावर व्याख्यान ठेवणाऱ्या आपल्या चिटणीसांच्या कल्पकतेला दाद दिली पाहिजे. मी शास्त्रज्ञ नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत शाळेत झाले आणि त्यापुढचे मोफत वाचनालयाच्या बाकावर. परंतु कामगार संघटनेच्या कामात बर्फाच्या कारखान्यांतील माणसांशी माझा बरीच वर्षे संबंध आला आणि पाणी गोठते म्हणजे काय होते याचे पहिले धडे मी त्यांच्याकडूनच घेतले. पत्र्याच्या डब्यात गोडे पाणी भरून तो डबा थंडगार खाऱ्या पाण्याच्या हौदात सोडतात. पाणी पत्र्याकडून आत गोठत जाते. त्यात विरघळलेल्या हवेला बर्फात जागा नसते, म्हणून ती आत ढकलली जाते आणि अखेर मध्यभागी कोंडते. लादीचा गाभा पांढरा आणि कडा काचेसारख्या स्वच्छ दिसतात त्या यामुळे.

डब्यातले पाणी स्थिर असते, तळ्यातलेही जवळजवळ स्थिरच. तळ्याचे वर्तन शाळेच्या पुस्तकात आलेले असते. पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असते. तेवढे थंड झालेले पाणी तळाशी जाते, त्याहून थंड झालेले हलके होऊन वर तरंगते, म्हणून तळे वरून गोठते आणि खाली मासे जगतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांवरचा असाच स्वच्छ बर्फ करवतीने कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, जहाजाने मुंबईच्या धक्क्यावर उतरत असे. १८३० च्या दशकात हा व्यापार सुरू झाला आणि आपल्या शहरातील धनिकांच्या पेल्यांत परक्या देशाचा हिवाळा खळखळू लागला. बर्फ वाहणाऱ्या हमालाच्या वाट्याला त्यातले काय येत असेल, ते आपण समजून घ्यावे.

वाहत्या नदीत हा ४ अंशांचा नियम फारसा चालत नाही. प्रवाह पाणी सतत घुसळत असतो. जड पाणी खाली, हलके वर, अशी वर्गवारी तेथे टिकत नाही. तळापासून पृष्ठापर्यंत सगळे पाणी एकदमच शून्याला येते. वर आकाश निरभ्र, हवा शून्याखाली वीस अंश, आणि मध्ये झाकण नाही, अशा रात्री ते शून्याच्याही खाली उतरते. फार नव्हे, अंशाचे काही शतांश. साध्या तापमापकावर ते दिसणारही नाही. पण तेवढ्याने पाण्यात बर्फाचे बारीक, चपट्या चकतीसारखे स्फटिक लाखोंनी जन्म घेतात. एकेक चकती फार तर काही मिलिमीटरांची. ती वर तरंगून जात नाही, कारण प्रवाह तिला खाली ओढत राहतो. कॅनडातील फ्रेंच लोकांनी या बर्फाला ‘फ्राझिल’ म्हटले. त्यांच्या भाषेत ‘फ्रेझिल’ म्हणजे भट्टीतली कोळशाची खर. नाव बहुधा एखाद्या लोहाराने किंवा आगवाल्यानेच दिले असावे, असे मला उगीचच वाटते.

या फ्राझिलचा गुण असा की, पाणी अतिथंड आहे तोवर तो ज्याला लागेल त्याला चिकटतो. एकमेकांना चिकटून त्याचे गोळे होतात. तळाच्या धोंड्यांना चिकटून नदीच्या बुडाशी बर्फाचा थर चढतो. त्याला ‘नांगर-बर्फ’ म्हणतात. सकाळी ऊन आले, पाणी केसभर ऊबदार झाले की हा थर सुटतो आणि वर येताना कधीकधी धोंडेही उचलून आणतो. बर्फाच्या तुकड्यावर स्वार होऊन दगड प्रवासाला निघालेला पाहून जुन्या लोकांना नवल वाटले तर त्यात नवल नाही.

जलविद्युत केंद्रांना आणि शहरांच्या पाणीपुरवठ्याला या चिकटपणाने फार छळले आहे. पाणी आत घेण्याच्या तोंडाशी लोखंडी गजांची जाळी असते. फ्राझिल तिला धरला की काही तासांत जाळी बुजते, चक्रे थांबतात, शहराचे दिवे मंद होतात. आणि मग मध्यरात्री, कडाक्याच्या थंडीत, लांब दांड्यांची पंजेटी घेऊन माणसे त्या जाळीवर उभी राहतात. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील हॉवर्ड बार्न्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या बर्फाचा अभ्यास केला. पाणी शून्याखाली अंशाच्या शतांशांनीच गेलेले असते, तेव्हा गजही तेवढेच, अगदी किंचित गरम ठेवले तर फ्राझिल त्यांना चिकटत नाही, ही गोष्ट त्यांनी दाखवली. सारी नदी तापवण्याची गरज नाही. लोखंडाला नुसती ऊब पुरते. पंजेटीवाल्यांच्या दृष्टीने या संशोधनाचे मोल किती, हे मी वेगळे सांगत नाही.

नदी झाकली जाते ती अशी. काठाशी पाणी संथ असते, तेथे तळ्यासारखाच बर्फ धरतो आणि आत सरकत येतो. मध्य प्रवाहात फ्राझिलचे गोळे वर येऊन गोठतात, त्यांच्या थाळ्या होतात. थाळ्या एकमेकींवर आपटून कडा वर वळलेल्या, गोल गोल. एखाद्या वळणावर, बेटापाशी किंवा अरुंद जागी या थाळ्या अडकतात आणि मागून येणाऱ्या तेथे रांग लावतात. ही रांग नदीच्या उगमाकडे वाढत जाते. म्हणजे पाणी खाली जात असते आणि बर्फ मात्र वर चढत असतो. रशियन भाषेत या स्थिरावण्याला ‘लेदोस्ताव’, म्हणजे बर्फाचे उभे राहणे, असा शब्द आहे.

झाकण पडताच पाण्याची पातळी चढते. आजवर प्रवाहाला फक्त तळ आणि काठ घासत होते. आता वरचे छतही घासते. छत तळाइतकेच खरबरीत धरले, तर तेवढेच पाणी वाहून न्यायला रुंद नदीला सुमारे ३० टक्के अधिक खोली लागते. त्यामुळे पावसाचा थेंब नसताना कधीकधी हिवाळ्याच्या तोंडीच पूर येतो.

पुढे बर्फ खालच्या बाजूने जाड होत जातो, आणि इथे एक हिशेब फार सुंदर आहे. गोठताना पाण्यातून सुटणारी उष्णता वरच्या बर्फातूनच बाहेर पडावी लागते. बर्फ जितका जाड, तितकी ही वाट लांब. म्हणून जाडी दुप्पट करायची तर थंडी चौपट लागते. ऑस्ट्रियातील पदार्थवैज्ञानिक योसेफ श्टेफान यांनी हे गणित एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले. हवा शून्याखाली २५ अंश अशी ४० दिवस राहिली, तर उघड्या बर्फाची जाडी गणिताने मीटरभर भरते. प्रत्यक्षात ती पुष्कळ कमी भरते, कारण वर पडलेले हिम दुलईचे काम करते. बर्फ आणि हिम या दोहोंत आपण मराठीत फारसा भेद करीत नाही, पण नदीकाठच्या माणसाला तो करावाच लागतो: हिमाखालचा बर्फ पातळ राहतो आणि पाऊल फसवतो.

अशा नदीचा रस्ता होतो. सैबेरियात आणि कॅनडाच्या उत्तरेत हिवाळ्यात मालमोटारी नदीवरून धावतात. जाडी दुप्पट झाली की बर्फ सुमारे चौपट भार पेलतो, हा तेथील ठोकताळा आहे. आपल्याकडे लडाखमध्ये झंस्कार नदीवर जानेवारी-फेब्रुवारीत ‘चादर’ पडते. महाराष्ट्रातली हौशी मंडळी आता तिच्यावरून चालून येतात, पण झंस्कारी माणूस पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावरून चालत आला तो हौसेने नव्हे, दुसरी वाट नव्हती म्हणून.

आता फुटण्याकडे येऊ. बर्फ दोन तऱ्हांनी जातो. एक शांत. एक किलो बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते. म्हणजे चहाच्या आधणाच्या जवळ. म्हणून नुसत्या उबेने मीटरभर बर्फ वितळायला आठवडे लागतात. प्रथम वरचे पांढरे हिम जाते. मग उघडा पडलेला गडद बर्फ ऊन पिऊ लागतो. ऊन आत शिरून स्फटिकांच्या सांध्यांत वितळते आणि सारा थर उभ्या मेणबत्त्यांच्या जुडीसारखा सुटा होतो. दिसायला जाड, पण काठी मारली की खळकन कोसळतो. असा बर्फ निमूटपणे वाहून जातो.

दुसरी तऱ्हा भांडणाची. बर्फ अजून कणखर आहे आणि तेवढ्यात वरच्या मुलखातले हिम झपाट्याने वितळते. पाणी फुगून झाकण वर उचलते. काठाला समांतर लांबच लांब भेगा पडतात, मग आडव्या पडतात, आणि तक्ते सुटतात. रशियन भाषेत हा ‘लेदोखोद’, बर्फाचे चालू लागणे. चालता चालता तक्ते पुढच्या न फुटलेल्या बर्फावर आदळतात, एकावर एक चढतात, खाली घुसतात आणि नदीवर बांध पडतो. त्यामागे पाणी तासातासाला चढते. हा बांध अचानक सुटला तर पुढे जाणारी लाट काही मिनिटांत काही मीटर उंची गाठते. आणि ती नुसत्या पाण्याची नसते, तिच्यात घराएवढे बर्फाचे खडक असतात. बर्फाच्या रेट्याची कल्पना हवी असेल तर नायगराचा पूल आठवावा. २७ जानेवारी १९३८ रोजी धबधब्याखाली साचलेल्या बर्फाने तेथील पोलादी कमानीचा पायथा दाबून तो पूलच खाली आणला.

हा धोका उत्तरवाहिनी नद्यांना विशेष. सैबेरियातील लेना नदी बैकल सरोवराजवळच्या डोंगरांतून निघून ४,००० किलोमीटरांहून अधिक वाहत आर्क्टिक समुद्राला मिळते. तिचा उगम दक्षिणेला आणि मुख उत्तरेला आहे. वरच्या भागात बर्फ एप्रिलअखेरीस सुटू लागतो, मुखाशी तो जूनच्या आरंभापर्यंत घट्ट असतो. म्हणजे वसंत ऋतू पाण्याबरोबर उत्तरेकडे निघतो आणि वाटेत पदोपदी हिवाळ्याच्या भिंतीवर आपटतो. मे २००१ मध्ये लेन्स्क गावाखाली असा बांध पडला. रशियन सरकारने विमानांतून बॉम्ब टाकून तो फोडण्याचा यत्न केला, तरी गाव पाण्याखाली गेले आणि हजारो घरे गेली. एप्रिल २०२० मध्ये कॅनडातील फोर्ट मॅकमरे येथे अथाबास्का नदीवर सुमारे २५ किलोमीटर लांबीचा बांध पडला. पाणी उपनदीतून मागे फिरून शहराच्या मध्यभागात शिरले आणि सुमारे १३,००० लोकांना घरे सोडावी लागली. तेही महामारीच्या टाळेबंदीत, जेव्हा एका छताखाली माणसे गोळा करणे हेच संकट होते.

उपाय आहेत, पण बांध पडल्यावरचे उपाय बहुधा तोकडे पडतात. सुरुंग लावले तरी फुटलेला बर्फ वाहून न्यायला खाली मोकळे पाणी हवे. नाहीतर तो जागच्या जागी पुन्हा बसतो. म्हणून याकुतियात फुटण्याच्या आधीच नदीवर यंत्राच्या करवतींनी चिरा पाडतात आणि कोळशाची भुकटी किंवा वाळू पसरून बर्फ काळा करतात, की ऊन त्याला लवकर खाईल. अलास्कात वितळणीच्या दिवसांत हवामान खात्याची व आपत्ती विभागाची माणसे लहान विमानातून नदीवर घिरट्या घालतात आणि गावोगावी उतरून सांगतात की बर्फ कोठवर आला. मे २०१३ मध्ये युकॉन नदीवरील गलीना गाव बुडाले, त्याचा बांध गावाखाली काही कोसांवर बिशप रॉक येथे होता. गावातून तो दिसण्यासारखा नव्हता. डोळे आकाशात ठेवण्याचे कारण हे.

अलास्कातल्याच नेनाना गावची हकीकत मला फार आवडते. १९१७ साली तेथे लोहमार्ग बांधणाऱ्या मंडळींनी तानाना नदीचा बर्फ कोणत्या दिवशी, किती वाजता, किती मिनिटांनी सुटेल यावर पैज लावली. बक्षीस ८०० डॉलर. बर्फावर लाकडी तिकाटणे उभे करायचे, त्याची तार काठावरच्या घड्याळाला जोडायची; तिकाटणे वाहून गेले की घड्याळ थांबते. (तिकाटण्याला पाय मात्र चार असतात.) तेव्हापासून ही पैज दरवर्षी चालू आहे. आमच्या गिरण्यांत एकेकाळी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर मटका खेळला जाई. त्यातून सावकाराखेरीज कोणाचे भले झालेले मी पाहिले नाही. नेनानाच्या जुगारातून मात्र शास्त्राला शंभर वर्षांची चोख नोंदवही मिळाली, कारण पैसा गुंतला असल्याने मिनिटाचीही चूक कोणी चालवून घेईना. २००१ साली दोन संशोधकांनी ती तपासली, तेव्हा १९१७ च्या मानाने बर्फ सरासरी साडेपाच दिवस आधी सुटत असल्याचे दिसले. पुढे २०१३ मध्ये तो २० मेपर्यंत थांबला, ही सर्वांत उशिराची नोंद. आणि २०१९ मध्ये १४ एप्रिललाच गेला, ही सर्वांत आधीची. एकेका वर्षाच्या लहरी अशा असतात. कल पाहावा तो दशकांचा. फिनलंड-स्वीडनच्या सीमेवरील टोर्निओ नदीची नोंद तर १६९३ पासूनची आहे, आणि तिचाही कल त्याच बाजूला आहे.

बर्फ पातळ झाला म्हणजे धोका टळला, असे मात्र नाही. हिवाळ्यातच पाऊस पडू लागला तर नदी भर जानेवारीत फुटते, बांध पडतो आणि पुन्हा थंडी येऊन तो तसाच गोठतो. शिवाय बर्फाच्या रस्त्यावर ज्यांचे धान्य आणि इंधन येते, त्यांची वाटच तुटते. युकॉनवरील डॉसन येथे २०१६ नंतरच्या काही हिवाळ्यांत नेहमीच्या ओलांडणीपाशी नदी नीट झाकलीच गेली नाही.

आणि पूर सर्वांचा वैरी असतो असेही नाही. कॅनडात पीस आणि अथाबास्का या नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात उंचावर हजारो उथळ तळी आहेत. साधा पूर तेथवर चढत नाही. बर्फाच्या बांधामागे तुंबलेले पाणीच चढते. त्या तळ्यांतल्या मस्करॅट नावाच्या केसाळ प्राण्यावर तेथील क्री आणि दने लोकांची उपजीविका चाले. १९६८ साली पीस नदीवर वरच्या बाजूला बेनेट धरण पुरे झाले. विजेसाठी हिवाळ्यात अधिक पाणी सोडल्याने झाकण आता वरच्या पातळीवर गोठते, आणि ते उचलायला वसंतातले पाणी कमी पडते. १९७४ नंतर मोठा बांध पडला तो थेट १९९६ साली. मधल्या २२ वर्षांत तळी आटली, त्यांत झुडपे माजली आणि सापळे रिकामे राहिले. दोष धरणाचा किती आणि बदलत्या हवेचा किती, यावर अभियंते आणि शास्त्रज्ञ वाद घालीत आले आहेत.